गुडघ्याच्या उंचीचा पोचा

माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही कारंज्याकडच्या एका गावी गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलीचं शिक्षण विचारून झालं, आणि मंडळी त्या अवघड शांततेत येऊन बसली, जिच्यात प्रत्येकाला वाटतं की आता दुसऱ्यानं बोलावं. माझ्या खुर्चीच्या मागे धान्याची कोठी होती. माझा हात आपोआप मागे गेला. टक, टक. टण्ण वाजायला हवं होतं, वाजलं खड्ड. मी मोठ्यानं म्हणाले, "शिवण सैल आहे हो हिची."

मुलीच्या आईनं दचकून मुलीच्या ब्लाउजकडे पाहिलं. मुलीनं पदर ओढून घेतला. माझ्या वहिनीनं कपाळाला हात लावला. मग मी उभी राहून, कोठी फिरवून, शिवण कुठं उकलली आहे ते सगळ्यांना दाखवलं, आणि त्या बोटभर फटीतून किडे शिरून तूर कशी पुढच्या श्रावणापर्यंत पिठासारखी होईल यावर एक छोटंसं व्याख्यानही दिलं. लग्न जमलं. भाचेसून आजही सांगते, "आत्याबाई मले पाहाले आल्या अन् कोठी पाहून गेल्या."

तर ही मी. नाव मंगला, पण ते नाव आधार कार्डापुरतं. आमच्या भागात मला टकटक मॅडम म्हणतात. पत्र्याच्या कोठ्यांच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामावर बोट ठेवण्याचा मला पगार मिळतो. हेच काम अनेक बायका सासरी फुकट करतात.

ज्यांच्या घरी धान्य किलोकिलोनं पिशवीतून येतं त्यांच्यासाठी सांगते. कोठी म्हणजे जस्ताच्या पत्र्याचं उभं, गोल भांडं. मोठी कोठी माझ्या छातीला लागते. वर झाकण, खाली धान्य काढायला एक छोटं, झाकणाचं तोंड. गहू, ज्वारी, तूर वर्षभरासाठी तिच्यात भरायची. आमच्याकडे मुलीच्या आंदणात कपाट नसलं तर चालतं, पण कोठी नसली तर बायका मांडवात एकमेकींच्या कानाला लागतात.

कारखाना रफिकशेठचा. त्यांचे आजोबा वाशिमच्या बाजारात बसून रॉकेलच्या चिमण्या आणि डबे करायचे, वडिलांनी कोठ्या सुरू केल्या, आणि शेठनी शहराबाहेर शेड घालून यंत्रं आणली. मला नोकरीवर घेताना ते म्हणाले, "मॅडम, दादाजानच्या बोटात माप होतं. अब्बांच्या नजरेत होतं. माह्या हातात फकस्त मोबाइल हाय. म्हून तुमी या."

कोठी तीन प्रकारांनी नापास होते. एक पोचा, म्हणजे पत्रा आत दबलेला. दोन, सैल शिवण: पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत दुमडून दाबतात ती जागा. ती ठोकून कळते. तीन, भोक. हे सुईच्या टोकाएवढं असतं आणि बाहेरून दिसत नाही. त्यासाठी आमच्याकडे एक खास पद्धत आहे, आणि ती ऐकून बाहेरगावचे इंजिनियर माझ्याकडे दयेनं बघतात. मी स्टुलावर बसते. दोघं जण कोठी उलटी करून माझ्यावर ठेवतात, डालग्याखाली कोंबडी झाकतात तशी. आत काळोख होतो. आणि त्या काळोखात जिथं भोक असेल तिथं चांदणी चमकते. मी आतून ओरडते, "वर, डावीकडे, एक!" बाहेरचा माणूस खडूनं खूण करतो. एकदा मी आत असताना जेवणाची घंटा झाली आणि दोघंही डबे खायला निघून गेले. मी आतून जो टणत्कार केला, तो ऐकून शेठना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी मुख्य बटण बंद केलं. मग शांततेत त्यांना ऐकू आलं की यंत्र त्यांना नावानं हाक मारतं आहे.

गिऱ्हाइकंही एकेक. धनजच्या एक आजी एसटीनं तक्रार घेऊन आल्या. "बाई, तुमची कोठी बोलते." मी विचारलं, काय बोलते? "दिवेलागणीले बोलते. धप् म्हनते. माह्या सासूचा आवाज तसाच होता." मी समजावलं, आजी, दिवसभर पत्रा तापतो, संध्याकाळी निवतो, निवताना आकसतो आणि वाजतो. दोष नाही तो. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते समजलं. पन तिले चूप कसं करू?" मी सांगितलं, तळाशी दोन विटा ठेवा, भिंतीपासून सरकवा. महिन्याभरानं निरोप आला: कोठी चूप झाली, पण आता घरात करमत नाही.

असो. मुद्दा शंभरात किती नापास, याचा. आमच्या धंद्यात सगळं या एका आकड्यावर चालतं. एक कोठी बिघडली तर ती चूक असते. शंभरात दरवेळी पाच बिघडत असतील तर ती सवय असते. चुकीला रागवता येतं, सवयीचं कारण शोधावं लागतं. मी दर शनिवारी नापासांचा आकडा काढून शेडच्या भिंतीवर खडूनं एक ठिपका देत असे आणि ठिपके जोडत असे. वर गेली रेघ की वाईट, खाली आली की चांगलं.

नापास कोठीवर मी लाल रंगानं ब्रशचे दोन फटकारे मारायची, एक उभा, एक आडवा. अशी खूण केलेली कोठी दुकानात जायची नाही. ती मागच्या निंबाखाली उभी राहायची, आणि शेठच्या वडिलांपासूनच्या रिवाजाप्रमाणे कामगारांना निम्म्या किमतीत मिळायची. पास कोठीवर नुसतं कागदाचं लेबल, जे दुकानात पोचेपर्यंत गळून पडायचं.

आता भिंतीवरच्या रेघेची गंमत ऐका. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की रेघ वर जायची. पौषात धाडकन खाली. माघापासून पुन्हा चढण. वैशाखात तर ती अशी उभी राहायची की मला स्टुलावर चढून ठिपका द्यावा लागे. आषाढ लागला की पुन्हा सपाट. दोन-तीन वर्षं मी हा डोंगर काढत होते. मी हवेवर संशय घेतला. विजेच्या दाबावर घेतला. पत्रा पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोनवर इतकं बोलले की त्यानं माझा नंबर बंद केला. शेठनी त्यांच्या परीनं उपाय केला: यंत्राला लिंबू-मिरची बांधली आणि दर्ग्यावर चादरही चढवली. "दोन्हीकडून बंदोबस्त," ते म्हणाले. रेघ दोघांनाही जुमानेना.

अशात पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची मागणी आली. शेतकरी गटांना वाटायला त्यांना आमच्या कोठ्या हव्या होत्या, थोड्याथोडक्या नाही, वर्षभर पुरतील इतक्या. अट एकच: शंभरात दोनच्या वर नापास नकोत. त्यांचा माणूस येऊन स्वतः तपासणार. कधी? वैशाखात.

आमच्या भिंतीवर त्या शनिवारी ठिपका नवावर होता.

शेठ माझ्या टेबलासमोर बसले. कधी नव्हे तो मोबाइल उलटा ठेवला. "मॅडम, ही मागणी आली नाई, तं दुसरी लाइन बंद करावं लागते. चौदा बाया घरी बसतीन. अब्बांनी कोनाले घरी पाठवलं नाई. पहिल्यांदा माह्या हातून ते होऊ देऊ नका."

मी नापास कोठ्यांसमोर निंबाखाली जाऊन उभी राहिले. सैल शिवणीच्या दोन, भोकाची एक. बाकी सगळ्या पोच्याच्या. पोचा एकच, मागच्या बाजूला, वाटीएवढा, गोल, अगदी सुबक. मी टेप लावला. जमिनीपासून एकवीस इंच. दुसरी: एकवीस. तिसरी: एकवीस. चौथी: अठरा. पाचवी: एकवीस. यंत्र चुकतं तेव्हा ते एवढं शिस्तीत चुकत नाही. मी यंत्राखाली वाकून, आडवी होऊन, त्या उंचीवर काय आदळतं ते शोधलं. काहीच नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या दुसऱ्या लाइनवरच्या एका बाईच्या पुतणीचं लग्न होतं. मी आहेर घेऊन गेले. मांडवाच्या एका बाजूला आंदण मांडलेलं: पलंग, पाण्याचा पितळी गुंड, परात, आणि मधोमध कोठी. कोठीवर लाल कुंकवासारख्या रंगात ठसठशीत स्वस्तिक. मी कौतुकानं जवळ गेले आणि तिथंच थिजले. स्वस्तिकाच्या चार शेपट्या आणि चार टिंबं बोटानं काढलेली होती. पण मधला उभा फटकारा आणि आडवा फटकारा ब्रशचा होता. आडव्याच्या शेवटी एक ओघळ आलेला. माझा आडवा फटकारा नेहमीच ओघळतो.

"ही खूण कुणी केली?" मी विचारलं.

नवरीची आई हरखली. "तुमीच तं करता, मॅडम! टकटक मॅडमचा हात लागल्याबिगर आमी कोठी घेतच नाई. आमी फकस्त शेपट्या अन् टिंबं देतो. आमच्या गावात लाल चिन्हाची कोठी आली का समजते, का पोरीचं मानूस कारखान्यात आतमंधी हाय. बजारच्या कोठ्या कोऱ्या राह्यतात."

म्हणजे इतकी वर्षं मी गावोगावी नापासाचा शिक्का मारून पाठवत होते आणि गावोगावी माझ्या शिक्क्याला हळद-कुंकू वाहिलं जात होतं! मी जिलबी हातात घेऊन मांडवाच्या खांबाला टेकले आणि भिंतीवरची रेघ डोळ्यासमोर आणली. तुळशीचं लग्न. पौष. माघ. वैशाख. आषाढ. हवा नाही, वीज नाही. ते लग्नाचे मुहूर्त होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये टेप घेऊन उभी राहिले आणि जाहीर केलं, "सुरक्षेसाठी सगळ्यांना गुडघ्याचे पट्टे मागवायचे आहेत. एकेकानं यावं, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत माप द्यावं." बायका लाजल्या आणि हसल्या. शेठ स्वतः येऊन माप देऊन गेले, एकोणीस. शिवण दाबणारा गजानन, पुरुषांतला सगळ्यात बुटका, पायजमा सावरून उभा राहिला: अठरा. मी आकडा वहीत टिपला. शेवटी प्रल्हादभाऊ आले.

प्रल्हादभाऊ म्हणजे कारखान्याचे मुख्य कारागीर. राहणार इंझोरी. सहा फूट उंच, काटकुळे, मान किंचित वाकलेली, कारण आयुष्यभर सगळ्या दारांनी त्यांना वाकवलं आहे. त्यांनी ऐटीत पाय पुढं केला. "चांगले जाड पट्टे मांगवा मॅडम, माह्ये गुडघे लय काम करतात."

"दिसतंय," मी म्हणाले. एकवीस इंच.

मी त्यांना निंबाखाली नेलं. टेप कोठीला लावला. त्यांनी टेपकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, मग झाडावरच्या कावळ्याकडे.

"मशीनचं बी एकवीस असू शकते," ते म्हणाले.

"मशीनला गुडघा नसतो, भाऊ."

"मंग पट्टे येनार नाई का?"

"नाही येणार."

प्रल्हादभाऊ कोठीला टेकून बसले. पण पडलेला चेहरा त्यांना जमतच नाही. थोड्या वेळात त्यांच्यातला कारागीर डोकं वर काढू लागला. "मॅडम, मी पोचा देतो, पन खराब काम करत नाई. पाहा ना. शिवनीपासून हातभर दूर. जस्त तडकत नाई. धान्याले काई होत नाई. मांगच्या अंगाले, भिंतीकडं. असा पोचा देनं साधं काम नाई. गजाननले इचारा, शिकता शिकता त्यानं दोन कोठ्या फोडल्या."

"म्हणजे शिकवणीसुद्धा चालते?"

"बाया येतात, म्हनतात भाऊ, पोरीचं लगन हाय, एक चिन्हाची पायजे. मी कोनाले नाई म्हनू? सारी कोठी चोख बनवतो अन् मंग तिले नापास करतो. मले काय बरं वाटते? पोटावर गुडघा मारल्यावानी होते."

हे ऐकून मला हसू आलं आणि ते लपवायला मी टेप गुंडाळत बसले. कारखान्यातला सगळ्यात हुशार माणूस सगळ्यात जास्त दोष करत होता, आणि तेही इतक्या काटेकोरपणे की त्या दोषाला पास करावंसं वाटावं! मग ते हळूच म्हणाले, "आता माह्याच पोरीचं हाय, मॅडम. वैशालीचं. मेडशीले देली. व्याह्यांना सांगून बसलो, तीन कोठ्या देतो, एक मोठी, दोन लहान, कारखान्याच्या, चिन्हाच्या. बजारच्या देल्या तं ते म्हनतीन, एवढी वर्षं कारखान्यात का झाडू मारते का मानूस?"

"कधी आहे लग्न?"

"तुमचा पुन्याचा साहेब येऊन राह्यला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं. आधी ते चिडले, मग हसले, मग आपल्या मरहूम वडिलांच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, "अब्बा, तुमची दर्यादिली महागात पडून राह्यली." मी म्हटलं, शेठ, दोनच गोष्टी करा. लाल खूण आजपासून पास कोठीवर. नापासावर निळी रेघ. आणि मुलीच्या लग्नाला कामगाराला निम्म्या किमतीत कोठी द्यायचीच असेल तर चांगली द्या, चिन्हाची द्या. मग गुडघा कशाला लावतील कुणी? शेठनी विचार केला. "म्हंजे आतापर्यंत मी लोकाले पोचा पाडायचे पैसे देऊन राह्यलो होतो?" अगदी तसंच, मी म्हणाले.

प्रल्हादभाऊंनी नव्या कोठीवर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढं गुडघा फक्त चालण्यासाठी. त्या शनिवारी ठिपका चारावर आला. पुढच्या शनिवारी दीडावर. शेठनी लिंबू-मिरची मात्र काढली नाही. "कोनाच्यानं झालं काय माहीत," ते म्हणाले.

पुण्याचे साहेब आले ते पांढऱ्याशुभ्र शर्टात, हातांना सारखं सॅनिटायझर चोळत. फाटकातून आत आले आणि आवारात रांगेनं उभ्या असलेल्या कोठ्या बघून थबकले. प्रत्येक कोठीवर लाल उभी-आडवी रेघ. साऱ्या जगात तपासणीची लाल खूण म्हणजे नापास, हे त्यांना शिकवलेलं. ते शेठना म्हणाले, "या सगळ्या... सगळ्याच नापास आहेत?"

"नाई नाई साहेब, हे तं पास!"

"मग नापास?"

शेठनी निंबाकडे बोट केलं. तिथं निळ्या रेघेची एकुलती एक कोठी उभी होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांना लाल खुणेची हकिगत सांगायला घेतली, पण गुडघ्यापर्यंत येऊन थांबले. सगळंच सगळ्यांना सांगू नये.

त्यांनी स्वतः बोट दाखवून पन्नास कोठ्या निवडल्या. पन्नासात एक नापास चालणार, दुसरी निघाली की मागणी गेली. ठोकाठोक सुरू झाली. विसाव्या-बाविसाव्या कोठीची शिवण सैल निघाली. झालं, एकुलती एक मुभा संपली. दुसऱ्या लाइनवरच्या बाया पदराची टोकं तोंडात धरून उभ्या. भोकं कशी बघता, साहेबांनी विचारलं. मी स्टूल दाखवलं. "आत बसून?" "हो." "कोण?" "एरवी मी बसते. पण तपासणारे आज तुम्ही आहात."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात चौदा बाया उभ्या होत्या. साहेब बसले. प्रल्हादभाऊंनी आणि गजाननानं कोठी उचलून हळुवार त्यांच्यावर ठेवली. मग आतून घुमणारा आवाज आला, "अरे वा! काहीच दिसत नाही!" बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर साहेब रंगातच आले. पुढच्या प्रत्येक कोठीत स्वतःहून बसले. केसांत जस्ताची भुकटी, शर्टाला काळे पट्टे. शेवटच्या कोठीला त्यांनी बाहेरून फेरी मारली आणि नेमके मागच्या बाजूला वाकले. बराच वेळ वाकलेलेच. प्रल्हादभाऊंनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे झाकले. साहेब उठले. त्यांचं पेन खाली पडलं होतं.

"पास," ते म्हणाले. "कागद तयार करतो. उद्या निघताना सही करून देईन."

शेठनी त्यांना जाऊ देणं शक्यच नव्हतं. "उद्या आमच्या प्रल्हादच्या पोरीचं लगन हाय, तिथं जेवून मंग जा." अशा रीतीनं सही न झालेला कागद बॅगेत घेऊन पुण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत इंझोरीच्या मांडवात हजर झाले.

लग्न लागलं. जेवणं सुरू झाली तसे व्याही आंदण बघायला आले. मेडशीचे व्याही, सोयाबीन-तुरीचे मोठे शेतकरी, खांद्यावर गमछा, मिशा अशा की बोलण्याआधी त्या हलत. मधोमध आमच्या तीन कोठ्या, टण्ण वाजणाऱ्या, लाल स्वस्तिकाच्या. माझ्या आयुष्यात मी इतक्या चोख तीन कोठ्या एका जागी पाहिल्या नव्हत्या. व्याह्यांनी खूण पाहिली, मान डोलावली. मग मोठी कोठी पडद्यापासून पुढं ओढली आणि मागून हात फिरवला. खाली. वर. पुन्हा खाली.

"पोचा कुठं हाय?" ते म्हणाले.

प्रल्हादभाऊंना वाटलं कौतुक चाललंय. "नाई ना! एक बी नाई. चोख हाय."

"चोख तं बजारात बी भेटते." मिशा थांबल्या. "कारखान्याच्या कोठीले मांगून गुडघाभर उंचीवर पोचा राह्यते. माह्या भावाच्या सुनेनं आनली, तिले हाय. शेजाऱ्याच्या सुनेनं आनली, तिले हाय. चिन्ह काय, कोनी बी रंगानं काढते. कारखान्यातल्या मानसाची पोरगी अन् कोठी दुकानाची? आमाले काय येडं समजून राह्यले का, प्रल्हादराव?"

बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. घराच्या दारातून वैशाली मुंडावळ्या बाजूला सारून बघत होती. प्रल्हादभाऊंनी कोठीकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्याकडे. एका झटक्याचं काम होतं. पण त्यांनी शपथ घेतली होती; आणि हातभर अंतरावर, हातात बुंदीची पत्रावळ घेऊन, पुण्याचे साहेब उभे होते. ज्या माणसानं काल पोचा नाही म्हणून पास केलं, त्याच्यासमोर कारखान्याचा मुख्य कारागीर पोचा पाडणार कसा? मुलीची लाज की चौदा बायांची लाइन? उंच माणूस मांडवाच्या मधोमध तसाच उभा राहिला, मान आणखी वाकवून. शेठ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. ती दुआ असावी.

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सरका जरा, व्याहीबुवा," मी म्हणाले. "तपासणी माझ्याकडं आहे. शेवटचा हात माझाच असतो. तो राहिला होता."

आणि नऊवारी सावरून, शिवणीपासून हातभर दूर, प्रल्हादभाऊंनी सांगितलं होतं तसं, मी गुडघा टेकवला आणि सगळं वजन टाकलं. धड्डाम! बँडवाल्यांना वाटलं इशारा झाला. त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. मांडवभर पोरं नाचू लागली. व्याह्यांनी वाकून पोच्यावर हात फिरवला. जरा खालीच होता, माझी उंची तेवढीच. पण गोल होता, सुबक होता. मिशा रुंदावल्या.

"आता कशी कारखान्याची दिसून राह्यली!" ते म्हणाले. मग बाकीच्या दोन लहान कोठ्यांकडे बोट दाखवून, "अन् ह्या? ह्यांचा शेवटचा हात?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब बुंदीकडे पाहत होते. त्यांनी एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"मॅडम," ते म्हणाले, "मोठीचं मी काही पाहिलं नाही. मी जेवत होतो. आणि ह्या दोन? शंभरात दोनची मुभा तर करारातच आहे."

मी पदर खोचला. साहेबांनी पत्रावळ शेठच्या हातात दिली, पुढं झाले आणि दुसऱ्या बाजूनं कोठी घट्ट धरली.